बर्फातला घोडा

हिवाळ्यात मुलांकडे कॅनडाला गेलेले आईवडील शहराबाहेर फेरफटका मारून आले, की त्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. तापमान उणे 20 असते, शेताच्या कुंपणाआड घोडे उभे असतात, पाय बर्फात रुतलेले आणि पाठीवर बर्फाचा पांढरा थर. जवळच चांगला लाकडी गोठा दिसत असतो. मग या मुक्या जनावरांना आत का घेत नाहीत? इथल्या लोकांना दयामाया नाही का? प्रश्न रास्त आहे. तो फक्त आपल्यालाच पडतो असेही नाही. हिवाळा आला की कॅनडातले शहरी लोकही शेतकऱ्यांना हेच विचारतात. या प्रकरणात मी मांडणार आहे ते एवढेच: घोड्याला बाहेरून ऊब पुरवावी लागत नाही, ती त्याची तो तयार करतो. त्यासाठी लागणारे सामान मात्र माणसाने वेळेवर आणून द्यावे लागते. हे सामान म्हणजे गवत, पाणी आणि वाऱ्यापासून आडोशाची जागा. हिवाळ्यात घोडेवाल्या शेतकऱ्याचा सगळा दिवस या तीन गोष्टींभोवती फिरतो. त्यांत कसूर झाली तर उत्तम तबेलाही घोड्याला वाचवत नाही.

1. थंडी कोणाच्या मापाने मोजायची?

प्रत्येक उष्णरक्ताच्या प्राण्याचा हवेच्या तापमानाचा एक सुखाचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात शरीराला आपले तापमान राखण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. खाणेपिणे, पचन, हालचाल यांतून आपसूक निर्माण होणारी उष्णता पुरते. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आपण ‘खालची मर्यादा’ म्हणू. हवा तिच्याखाली गेली, की शरीराला केवळ गरम राहण्यासाठी जादा इंधन जाळावे लागते. उघड्या अंगाच्या, स्वस्थ बसलेल्या माणसाची ही मर्यादा साधारण 27 अंश सेल्सियस आहे. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारीही आपण कपड्यांच्या भरवशावर जगत असतो. घोड्याची गोष्ट वेगळी आहे. सौम्य हवामानात राहणाऱ्या घोड्याची खालची मर्यादा 5 अंशांच्या आसपास असते. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांसारख्या ठिकाणी हिवाळी केस आलेल्या, अंगाने भरलेल्या प्रौढ घोड्यात ती उणे 15 पर्यंत उतरते. माणूस आणि घोडा यांच्या मापांत सुमारे 40 अंशांचे अंतर आहे, आणि ‘बिचाऱ्याला किती थंडी वाजत असेल’ हा आपला अंदाज नेमका तिथेच चुकतो.

या अंतराचे पहिले कारण साधे आहे. 500 किलोच्या जनावराला उष्णता निर्माण करणारे वस्तुमान भरपूर असते, आणि त्या मानाने ती बाहेर घालवणारी कातडी कमी असते. लहान शरीराचे याच्या उलट असते. म्हणून एकाच कुरणात आईच्या शेजारी उभे असलेले शिंगरू तिच्या आधी कुडकुडू लागते. दुसरे कारण सवयीचे. खालची मर्यादा ही जन्मभर ठरून गेलेली गोष्ट नाही. सप्टेंबरपासून बाहेर राहिलेला घोडा दर आठवड्याला थोडी थोडी थंडी पचवत जानेवारीपर्यंत पोहोचतो. तोच घोडा डिसेंबरपर्यंत गरम तबेल्यात ठेवून एका रात्री बाहेर काढला, तर त्याचे हाल होतील. तेव्हा ‘घोडे बाहेर राहू शकतात’ या विधानात ‘आधीपासून बाहेर असलेले’ हे शब्द गृहीत धरलेले असतात.

2. केस, वारा आणि ओल

हिवाळी केस थंडी पडल्यावर येतात अशी समजूत आहे. खरा इशारा थंडीचा नसून उजेडाचा असतो. उत्तर गोलार्धात 21 जूननंतर दिवस लहान होऊ लागतात आणि घोड्याच्या मेंदूला त्याची खबर लागते. बाहेर अजून उन्हाळा असतानाच शरीर लांब, दाट केसांच्या तयारीला लागते. 21 डिसेंबरनंतर दिवस मोठे होऊ लागले, की उलटा हुकूम सुटतो. केस प्रत्यक्षात झडतात ते पुढे वसंतात. प्रदर्शनाच्या घोड्यांचे केस आखूड राहावेत म्हणून तबेल्यात दिवे लावून दिवस 16 तासांचा करतात, तो याच नियमाचा उपयोग. थंडी लांबू शकते, उजेडाचे वेळापत्रक चुकत नाही. त्यामुळे जूनपासून सुरू झालेली ही तयारी ऐन हिवाळ्यात दिवे लावून बिघडवणे घोड्याच्या मुळावर येते.

केसांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थंडी वाढली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आवळतो, केस ताठ उभा राहतो आणि हवेचा थर जाड होतो. पाठीवरचा बर्फ वितळत नाही, हे पाहून आपला जीव कळवळतो. खरे तर ती चांगली खूण आहे. आतली उष्णता बाहेर येत असती तर बर्फ वितळला असता. वाईट खूण म्हणजे पाठीवरून पाणी ओघळणे, कारण या व्यवस्थेचा शत्रू थंडी नव्हे, ओल आहे. केस भिजून चिकटले की हवेचा थर जातो आणि उणे 15 ची मर्यादा पुन्हा 5 अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर येते. कोरड्या उणे 12 मध्ये निवांत रवंथ केल्यासारखा (रवंथ तो करत नाही, पण चेहरा तसाच असतो) उभा असलेला घोडा 3 अंशांच्या पावसात, वारा सुटल्यावर, थरथरू लागतो. घोडे आडोशाला कधी जातात याच्या निरीक्षणांतही हेच दिसते. नुसत्या कोरड्या थंडीत ते बहुतेक वेळ उघड्यावरच राहतात. पाऊस आणि वारा एकत्र आले, की छपराखाली जातात.

म्हणून शेतावर तीन भिंतींचे साधे छप्पर असते. त्याची उघडी बाजू वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवतात. दाट झाडांची रांगही पुष्कळ काम करते. छपराच्या बाबतीत नेहमीची चूक आकाराची होते. कळपातली एखादी वरचढ घोडी दाराशी उभी राहिली आणि जागा अरुंद असली, तर दुबळा घोडा रात्रभर बाहेरच राहतो. छप्पर आहे एवढ्याने भागत नाही, शेवटच्या घोड्यालाही ते मिळते का हे पाहावे लागते.

पायांचे काय, हा प्रश्न उरतो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मोठे स्नायू नसतात. असतात ती हाडे, स्नायुबंध आणि कातडी. या भागांना उष्णता कमी लागते आणि ते बरेच थंड झाले तरी इजा होत नाही. खुरात रक्ताला जवळच्या वाटेने परत फिरवणाऱ्या वाहिन्या असतात, त्यामुळे गरजेप्रमाणे प्रवाह कमीजास्त होतो. त्रास होतो तो नालांमुळे. नाल ठोकलेल्या खुरात बर्फ दाबून बसतो, त्याचा घट्ट गोळा होतो आणि घोडा जणू चार गोट्यांवर चालू लागतो. पाय मुरगळण्याचा खरा धोका हा आहे. त्यामुळे कामाला न जुंपलेल्या घोड्यांचे नाल अनेक शेतकरी हिवाळ्याआधी नालबंदाकडून काढून घेतात.

3. पोटातली ऊब

थंडीच्या पहाटे गावच्या उकिरड्यातून वाफ निघताना दिसते. ओल्या काडीकचऱ्यावर सूक्ष्मजीव काम करत असतात आणि त्या कामात उष्णता बाहेर पडते. घोड्याच्या पोटात रात्रंदिवस हीच क्रिया चालते. गवतातला धागेदार भाग घोड्याला स्वतःला पचवता येत नाही. तो लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि अंधांत्र व मोठे आतडे या प्रचंड पिशव्यांत साठतो. प्रौढ घोड्यात या दोन्हींत मिळून 100 लिटरच्या आसपास माल मावतो. तिथले जीवाणू तो धागा कुजवतात, त्यातून घोड्याला ऊर्जा देणारी आम्ले मिळतात आणि सोबत पुष्कळ उष्णता सुटते. चंदीची पद्धत वेगळी. ओटचे दाणे बहुतांशी लहान आतड्यातच पचतात, त्यामुळे त्यांतून ऊर्जा झटपट मिळते, पण ही आंबवणीची ऊब कमी निघते. थंडी वाढली की तोबरा भरून दाणे द्यावेत असे वाटणे साहजिक आहे. अनुभवी शेतकरी मात्र अशा वेळी गवत वाढवतो. दाण्यांची अचानक भर घातली तर पोटशूळ आणि खुरांचा दाह हे दोन्ही ओढवू शकतात.

किती वाढवायचे, याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या साधारण 2 टक्के चारा लागतो, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला 10 किलो वाळलेले गवत. खालच्या मर्यादेखाली प्रत्येक अंशाला ऊर्जेची गरज साधारण 2 ते 2.5 टक्क्यांनी वाढते. मर्यादा उणे 15 आणि हवा उणे 25, म्हणजे फरक 10 अंशांचा. गरज 20 ते 25 टक्क्यांनी वाढली, तेव्हा गवत 2 ते 2.5 किलो जास्त. एका कडाक्याच्या रात्रीची किंमत एवढीच. पण घोडा भिजलेला असेल, त्याची मर्यादा 5 वर आली असेल आणि हवा उणे 5 असेल, तरीही फरक 10 अंशांचाच होतो. कोरडी उणे 25 आणि ओली उणे 5 यांचा खर्च जवळपास सारखा. थर्मामीटर पाहून घोड्याची कीव करणाऱ्याने हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

प्रेअरीतल्या सास्काटून शहराच्या परिसरात डिसेंबरात सकाळी नऊनंतर उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या आत अंधारते. शेतकऱ्याच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही फेऱ्या म्हणून अंधारात किंवा संधिप्रकाशात होतात. गवत शक्यतो पोटभर, सतत पुढ्यात राहील असे टाकतात, आणि रात्रीचा वाटा मोठा ठेवतात, कारण सर्वांत थंड वेळ पहाटेची आणि आंबवणीची ऊब खाल्ल्यानंतर काही तासांनी जोर धरते. कळप असेल तर घोड्यांपेक्षा एक ढीग जास्त टाकायचा. त्यामुळे हुसकावलेल्या घोड्याला जायला जागा राहते. गवत टाकताना डोळे कामाला असतात: कोण आला नाही, कोण लंगडतो, लीद नेहमीसारखी आहे की सुकी नि थोडी. आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी हातमोजा काढून बरगड्या चाचपायच्या. लांब केसांखाली खंगलेला घोडा गुबगुबीत दिसतो, नजरेला काही कळत नाही. बरगड्या बोटांना लगेच लागल्या पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. घोड्याची अंगकाठी 1 ते 9 अंकांत मोजण्याची जी पद्धत 1983 पासून जगभर रुळली, तीही अशा चाचपण्यावरच उभी आहे. 5 ते 6 अंकांनी हिवाळ्यात शिरलेला घोडा निभावून नेतो.

4. पाण्याचे गणित

एवढे गवत खाणाऱ्याला पाणी लागते, आणि हिवाळ्यात घोडे मरणाच्या दारात जातात ते बहुधा पाण्यापायी. उन्हाळ्यातल्या हिरव्या गवतात 60 ते 80 टक्के पाणीच असते, वाळलेल्या गवतात 15 टक्क्यांहूनही कमी. म्हणजे खाण्यातून मिळणारे पाणी नेमके हिवाळ्यात आटते. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी हवे. टाकीतले पाणी गोठण्याच्या बेताला आले की तो कमी पितो. मग आतड्यातला माल सुकतो, अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातले संकट बाहेर टाकण्याची वाटही नाही.

यावर लोक विचारतात, चहूकडे बर्फ आहे, तो खात नाही का? खातो. सवय झालेले घोडे बर्फावर बरेच भागवतात. पण हिशेब पाहा. 1 किलो बर्फ वितळवायला 80 किलोकॅलरी लागतात आणि ते पाणी अंगाच्या 38 अंशांपर्यंत आणायला आणखी 38. म्हणजे 10 किलो बर्फ खाल्ला तर 1180 किलोकॅलरी खर्च. तेच 10 लिटर पाणी 10 अंशांचे मिळाले तर खर्च 280. किलोभर गवतातून घोड्याला साधारण 2000 किलोकॅलरी मिळतात. बर्फावर भागवणारा घोडा निम्म्या किलोच्या आसपासचे गवत केवळ या फरकापायी जाळतो. शिवाय मोकळा, भुसभुशीत बर्फ हा बहुतांशी हवा असतो. त्यातून पुरेसे पाणी मिळवायला घोड्याला तास न् तास चघळत राहावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब उरफाटा आहे.

म्हणून शेतावरचे पहिले काम पाण्याचे. टाकीत विजेवर चालणारा तापक सोडलेला असतो. तो चालू आहे हे सकाळी हात घालून पाहावे लागते, कारण तार कुरतडली गेली, वीज गेली किंवा यंत्र बिघडले तर रात्रीत जाड थर जमतो. वीजगळती हा आणखी एक प्रकार. टाकीत हलका झटका बसू लागला की घोडे तिच्याकडे फिरकत नाहीत आणि पाणी भरलेले दिसत असूनही तहानलेले राहतात. पातळी खाली गेली का, हे रोज पाहायचे ते यासाठी. जिथे वीज नाही तिथे कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा, तुकडे बाहेर काढायचे, घरून कोमट पाण्याच्या बादल्या न्यायच्या. जोडीला मिठाची वीट ठेवायची. मीठ चाटले की तहान लागते.

5. मग निदान रात्री तबेल्यात का नको?

कारण बंद तबेल्याची हवा. लोकांना उबदार वाटावे म्हणून खिडक्या बुजवल्या की लिदीमुताचा अमोनिया, गवताची धूळ आणि बुरशीचे कण आत कोंडतात. श्वासातली वाफ छतावर जमून ठिबकू लागते. घोड्याची फुफ्फुसे धावण्यासाठी घडलेली, मोठी आणि नाजूक आहेत. धूळबुरशीने होणारा दम्यासारखा आजार तबेल्यातल्या घोड्यांत नित्याचा आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणून पशुवैद्य घोडा बाहेर ठेवायला सांगतात. दुसरे कारण हालचालीचे. मोकळा घोडा चरत, सरकत, भांडत दिवस काढतो, स्नायूंतूनही ऊब तयार होते आणि आतडी चालू राहतात. कोंडलेल्यांत लाकूड चावत हवा गिळणे, जागच्या जागी डुलत राहणे अशा खोडी अधिक दिसतात. हवेशीर, कोरडा आणि थंड तबेला वाईट नाही. उबदार करण्याच्या नादात कोंडलेला तबेला वाईट.

6. विरुद्ध बाजूचे पुरावे

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सगळे माणसाच्या सोयीचे तत्त्वज्ञान आहे, घोड्याला कोणी विचारले? नॉर्वेत विचारले गेले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 23 घोड्यांना तीन फळ्यांचा अर्थ शिकवला: एकीला नाक लावले की अंगावर झूल घालायची, दुसरीला लावले की काढायची, तिसरीला लावले तर आहे तसेच ठेवायचे. बक्षीस गाजराच्या चकत्यांचे. सगळे घोडे दोन आठवड्यांत शिकले. छान हवेत त्यांनी झूल नाकारली. थंड, ओल्या, वाऱ्याच्या दिवशी बहुतेकांनी ती मागितली. हा पुरावा माझ्या मांडणीला निम्मा अनुकूल आहे आणि निम्मा मर्यादा घालणारा. झूल घोड्याला कधीच नको असते असे म्हणणारे चुकतात. पण ती नेमकी ओलीत आणि वाऱ्यात हवी असते, आणि कोरड्या हवेत तिच्या वजनाने केस दबून हवेचा थरच पातळ होतो. अंगाला घाम आलेला, भिजलेल्या झुलीखाली कोंडलेला घोडा हा उघड्या घोड्यापेक्षा वाईट स्थितीत असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आइसलँडचे घोडे शतकानुशतके बाहेर राहतात, त्यांचे केस दाट, दुहेरी. तरी डिसेंबर 2019 च्या वादळात त्या देशाच्या उत्तर भागात सुमारे 100 घोडे दगावले. घोडे इतके काटक, तर हे कसे घडले? तिथे नुसती थंडी नव्हती. जोरकस वारा आणि प्रचंड बर्फ यांचा तो मारा होता, आणि काही तासांत साचलेल्या ढिगांनी वाटा बंद केल्या. मंगोलियात अशा हिवाळ्यांना ‘झुद’ म्हणतात. 2009-10 च्या झुदमध्ये तिथली 80 लाखांहून अधिक जनावरे मेली. उन्हाळा कोरडा गेल्याने जनावरे आधीच रोडावलेली होती आणि चारा घट्ट बर्फाखाली गाडला गेला होता. याउलट याकुतियात, जिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे 40 च्या जवळ असते, तिथले घोडे खुरांनी बर्फ उकरून खालचे गवत खातात आणि जगतात. त्यांच्या जनुकांच्या 2015 सालच्या अभ्यासानुसार ते तिथे माणसांबरोबर 13व्या ते 15व्या शतकांदरम्यान आले. म्हणजे हे अनुकूलन फार जुने नाही. या तिन्ही उदाहरणांतून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: पोट रिकामे असले किंवा वाऱ्याला आडोसा नसला, तर काटकपणा पुरत नाही. बाहेर ठेवणे आणि वाऱ्यावर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त राबावे लागते.

काही घोडे या नियमाला अपवाद आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हट्ट करू नये. दात झिजलेला म्हातारा घोडा गवत चावू शकत नाही, म्हणून त्याला आतली ऊब मिळत नाही. आजारी, रोडावलेले, उशिरा जन्मलेली शिंगरे, नुकतेच उष्ण प्रदेशातून आलेले घोडे यांना झूल किंवा निवारा द्यावाच. हिवाळ्यातही स्वारीचे काम असलेल्या घोड्यांचे केस मुद्दाम कातरतात, कारण लांब केस घामाने भिजले तर तासन्‌तास वाळत नाहीत. असे कातरलेले घोडे झुलीशिवाय बाहेर सोडणे ही मात्र खरोखर क्रूरता. केस न कातरता स्वारी केली असेल, तर अंग पुसून, चालवून, पूर्ण कोरडे करूनच घोडा परत सोडायचा.

7. आपल्याकडचे घोडे

भारतातही झंस्कारी आणि स्पिती या जाती हिमालयातली कडक थंडी काढतात. महाराष्ट्रात दिसणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे बारीक केसांचे, उष्ण प्रदेशातले. पण आपली थंडीही त्या मानाची. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची घोडेयात्रा भरते, तेव्हा रात्रीचा पारा चांगला उतरतो, तरी निरोगी प्रौढ घोड्याच्या मर्यादेखाली तो क्वचितच जातो. आपल्याकडे घोड्याला थंडीपेक्षा ओल जास्त छळते. पावसाळ्यात सतत भिजलेल्या पाठीवर जीवाणूंमुळे खपल्या धरतात आणि चिखलात खूर कुजतात. त्यामुळे घोडा पाळणाऱ्याला सांगणे एवढेच: जरीची झूल नंतर घ्या, आधी पाठ कोरडी राहील असे छप्पर, रात्रीसाठी कोरडी वैरण आणि घोडा खरोखर पितो असे पाणी यांची सोय करा. आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून बरगड्या चाचपा.